एक पडदा, साऱ्या गावाचे हात



संतसज्जन वारकरी मंडळी आणि गावकरी मायबापहो, आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा मंडळी आमच्या अंगणात आली आणि म्हणाली, "महाराज, इतिहास तुम्हीच लिहा." आम्ही चौथी शिकलेले. विळा आणि वीणा धरण्यात जन्म गेला, लेखणीची सवय नाही. पण जुन्यांपैकी आता आम्हीच दोन-चार उरलो. म्हणून वडिलांच्या तोंडून जे ऐकलं आणि डोळ्यांनी जे पाहिलं, ते लिहितो. कोण किती वेळा पंढरीला गेलं, त्याची यादी दुसऱ्या पानावर आहे. आम्ही सांगणार आहोत ती आपल्या देवळातल्या पडद्याची गोष्ट. आमच्या मते दिंडीचा खरा इतिहास त्या पडद्यावर आहे.

आधी आपला मुलूख ध्यानात घ्या. आपला गोरेगाव तालुका धानाचा. आषाढी एकादशी येते ती ऐन रोवणीच्या तोंडावर. पऱ्हे तयार, बांधीत चिखल, आभाळ भरलेलं, आणि मन ओढ घेतं चंद्रभागेकडे. कार्तिकी येते तर हलकं धान कापून बांधीत पडलेलं. घाटाकडचा शेतकरी पेरणी आटोपून वारीला निघतो, असं कीर्तनात सांगतात. धानवाल्याला ती सोय नाही. त्यात अंतर केवढं! आमचे आजे सांगत, बंडीने गोंदिया, तिथून आगगाडीने नागपूर, मग गाड्या बदलत कुर्डुवाडी. कुर्डुवाडीहून पंढरपूरला बार्शी लाईटची छोटी गाडी १९०६ साली सुरू झाली, तिच्यात बसून पंढरी. शंभर वर्षांपूर्वी आपला हा भाग मध्यप्रांतात होता. आपण १९५६ साली मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून फुटून गोंदिया जिल्हा झाला. सरकारं बदलली, पंढरी होती तिथंच राहिली.

मग अशा मुलखात दिंडी निघाली कशी? पहिल्या वर्षी पाच जण गेले म्हणतात. त्या पाचांच्या बांध्या गावाने रोवल्या. बाया गाणी म्हणत रोवत आणि शेवटची पेंडी लावताना विठ्ठलाचं नाव घेत. जाणारे पाच, पण वारी घडवली साऱ्या गावाने. आमची आजी कधी पंढरपूरला गेली नाही. तरी म्हणायची, "माही वारी बांधीतच झाली बाप्पा." ते खोटं नव्हतं.

ही मिळून करायची सवय दिंडीच्या आधीपासूनची आहे. आपल्याकडचे मामा तलाव बघा. कागदावर त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात. इंग्रजी यंत्रं येण्याच्या कितीतरी आधी कोहळी मंडळींनी आणि गावोगावच्या कष्टकऱ्यांनी ते बांधले. पाळ एकट्याने पडत नाही. गायगोधनाचा दिवस बघा, गोवारी बांधवांच्या नाचाशिवाय तो होत नाही. आणि भाऊबीज झाली की मंडई! आज या गावची, उद्या त्या गावची. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, पोरापोरींची सोयरीक जुळते, आणि रात्री दंडार.

नव्या पोरांना दंडार म्हणजे काय ते सांगावं लागतं, म्हणून सांगतो. बाहेरून कोणी यायचं नाही. गावचेच लोक उभे राहत. बाईचं सोंग पुरुषच घेत. कोणाकडे ढोलकी, कोणाकडे टाळ. सुताराने लाकडी तलवार करायची, शिंप्याने झगा शिवायचा, ज्याच्या घरी गॅसबत्ती त्याने ती आणायची, ज्याच्या घरी तनस जास्त त्याने बसायला पसरायची. तोंडाला चुना, गेरू, काजळ. आधी गणाला नमन, मग गंमत, मग कथा, आणि उजाडेपर्यंत गाव जागं. खडी गंमत, डहाका हे प्रकारही आपल्या झाडीपट्टीत होते आणि काही ठिकाणी अजून आहेत. चांदा, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत आज जे झाडीपट्टीचं नाटक चालतं, ते याच मातीतून वर आलं.

आता आपल्या दिंडीची एक चूक सांगतो. शंभर वर्षांचा हिशेब मांडायचा तर जमेबरोबर खर्चही लिहावा लागतो.

आपले पहिले माळकरी फार कडक होते. ते म्हणत, ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ त्याने दंडारीत पाय ठेवायचा नाही. ते सोंग आणि हे भजन, दोन वाटा. आम्ही कीर्तन शिकायला लागलो तेव्हा आम्हांला प्रश्न पडला. नाथांनी काय केलं मग? पैठणचे एकनाथ महाराज १५९९ साली गेले. केवढे विद्वान! तरी त्यांनी भारुडं रचली. वाघ्या झाले, गोंधळी झाले, जोशी झाले, वासुदेव झाले. जोहार घालणाऱ्या महाराच्या तोंडून त्यांनी परमार्थ सांगितला. चौकातल्या माणसाला चौकातल्याच सोंगातून देव दाखवला. नाथांना सोंग चाललं आणि आपल्या आज्यांना चाललं नाही.

याहून मोठी चूक दुसरी. दंडारीला ढोलकी वाजवायचे ते टोलीवरचे एक बावाजी. त्यांच्यासारखा हात आसपासच्या दहा गावांत नव्हता. दंडारीच्या रात्री सारं गाव त्यांच्या ढोलकीवर डोलायचं. सकाळ झाली की तेच बावाजी देवळाच्या पायरीखाली उभे. आपल्या दिंडीत मृदंगी नसला तरी त्यांना कोणी बोलावलं नाही. दर वर्षी दुसऱ्या गावचा मृदंगी मिनतवारीने आणायचो, पण टोलीवर माणूस गेला नाही. पंढरपुरात साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून उपोषण केलं आणि दहा दिवसांनी विठोबाचं दार सगळ्यांना उघडायचं ठरलं. पंढरीचं दार उघडलं, आपल्या गावच्या देवळाला मात्र त्यानंतरही बरीच वर्षं लागली. चोखोबांचं नाव आम्ही रोज घेत होतो. मंगळवेढ्याचं गावकूस बांधताना ते कोसळलं आणि त्याखाली चोखोबा गेले, ही कथा सांगताना आमचे मोठे महाराज रडायचे. टोलीकडे मात्र बघायचे नाहीत.

मग १९५६ साली नागपूरला दीक्षा झाली. टोलीवरची घरं बाबासाहेबांच्या वाटेने गेली. बावाजीही गेले. आपण दार उघडलं नाही, त्यांनी आपलं घर बांधलं. याबद्दल आम्हांला कोणाला बोल लावता येत नाही, लावायचा तर स्वतःलाच.

आता पडद्याकडे येतो. १९७२ च्या दुष्काळाच्या आधीचं साल असेल. आम्ही चौथीत होतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. ते ११ ऑक्टोबर १९६८ ला मोझरीत गेले. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेमुळे आपल्याकडे एका रांगेत बसायची सवय थोडी लागली होती. गावात एक गुरुजी बदलून आले. त्यांना चित्राचा नाद. त्यांनी पाहिलं की हरिनाम सप्ताहाचा मांडव वेगळा, मंडईच्या नाटकाचा मांडव वेगळा, दोन्हींना वर्गणी वेगळी आणि दोन्ही गटांत बोलचाल नाही. ते म्हणाले, "एक पडदा करू. सप्ताहात कीर्तनकाराच्या मागे लागेल, मंडईत नाटकाच्या मागे लागेल. त्यावर पंढरपूर काढू."

भांडण झालं. माळकरी म्हणाले, पांडुरंगापुढे नाटक कसं करायचं? नाटकवाले म्हणाले, राजाचा दरबार पंढरपुरात कसा भरवायचा? शेवटी आमच्या मोठ्या महाराजांनी तोड काढली, "पांडुरंग समोर असला तं नाटकात कोनी वंगाळ बोलनार नाही. चांगलंच हाय ना जी." असा पडदा मंजूर झाला.

घरटी पायलीभर धान गोळा केलं. ते विकून मांजरपाट आणला. शिंप्याने पट्टे जोडले. बायांनी तांदळाची खळ शिजवून कापडाला लावली आणि देवळासमोर बांबूला ताणून वाळवलं. रंगाला गेरू, पिवडी, चुना, नीळ आणि चिमणीची काजळी. रंग धरायला सरस लागतो असं गुरुजी म्हणाले. सरस जनावराच्या कातड्या-हाडांचा, हे कळताच माळकरी उठले. मग जंगलात जाणाऱ्या गोंड बांधवांनी धावड्याचा डिंक आणून दिला. तो भिजवून त्यात रंग कालवला. आज इतक्या वर्षांनीही तो रंग सुटला नाही.

गुरुजींनी कोळशाने मोठ्या रेषा मारल्या आणि सांगितलं, ज्याला जे येतं ते त्याने भरावं. आम्हां पोरांना आभाळ दिलं. आभाळाला निळ्या रंगाचे जे फराटे दिसतात ते आमचे. तुळशीवृंदावन आणि रांगोळी बायांनी काढली. बैल काढले ते पटाची जोडी हाकणाऱ्याने, आणि त्याने वारीच्या बंडीला पटाचेच बैल जुंपले, शिंगं वर, शेपट्या उडालेल्या! गुरुजींनी चंद्रभागेत नाव काढली होती. आपले ढिवर काका ती बघून हसले. "गुरुजी, ह्या डोंग्यात बसलात तं चंद्रभागेतच राह्यसान जी!" गुरुजींनी मुकाट्याने ब्रश त्यांच्या हाती दिला. त्यांनी आपल्या बोडीतला डोंगा काढला. पंढरपूरच्या नदीत झाडीपट्टीचा डोंगा आहे, बघा कधी नीट.

महाद्वारापुढची पायरी राहिली होती. तिथं चोखोबा काढायचे. कोणाचा हात चालेना. गुरुजी कोणाला न विचारता टोलीवर गेले आणि बावाजींना घेऊन आले. गाव गप्प झालं. बावाजी पडद्यापुढे बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "आमची वाट आता वेगळी हाय. पूजा मी करनार नाही. पन हा आमचा मानूस हाय, त्याची जागा मीच काढीन. पायरीवर काढीन, पन उभा काढीन."

आणि त्यांनी चोखोबा उभे काढले. मान ताठ, हातात टाळ, नजर देवाकडे नाही, बघणाऱ्याकडे. आम्ही पोर होतो, काही कळलं नाही. कीर्तनाला उभे राहायला लागलो तेव्हा कळलं. कीर्तन करताना पडदा पाठीमागे असतो. पाठ तापावी तशी ती नजर आम्हांला जाणवते.

त्या वर्षीपासून सप्ताहाला आणि मंडईला एकच मांडव पडू लागला. खांब रोवायला माळकरी येत, दोर ओढायला नाटकवाले येत. पडदा गुंडाळायला दहा माणसं लागतात. दहा माणसं एका बांबूला हात लावून उभी राहिली की अबोला किती वेळ टिकणार? टोलीवरची पोरं नाटकात आली. बावाजी नाटकाला ढोलकी वाजवत राहिले. मृदंग मात्र आपण त्यांना शेवटपर्यंत दिला नाही. देवळाचं दार पुढे उघडलं तेव्हा ते थकले होते आणि त्यांना त्याची गरजही उरली नव्हती. ते देणं दिंडीवर आहे, ते फिटलेलं नाही.

पुढे काळ बदलला. वडसा देसाईगंजच्या नाटक कंपन्या आल्या. दिवाळीपासून होळीपर्यंत त्यांचे प्रयोग. आम्ही त्यांना नावं ठेवत नाही. शेकडो माणसांचं पोट त्यावर चालतं आणि कला जिवंत राहिली. गडचिरोलीकडचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या झाडीपट्टीची मान उंच झाली. नाटकाच्या तिकिटातून गावोगावी देवळं आणि शाळांची कामंही झाली. पण एक गोष्ट घडली. पूर्वी नाटक उभं करायला गाव लागायचं, आता नाटक बघायला लागतं. सुतार, शिंपी, ढिवर, सगळे तिकीट काढून एका जागी बसतात. पटावर २०१४ साली बंदी आली, ती २०२१ च्या शेवटी उठली. मधली वर्षं पटाच्या रात्रीची नाटकंही कमी झाली. २०२० साली तर रोगाने सारंच थांबलं. माऊलींच्या पादुकाही एसटीने पंढरीला गेल्या. त्या हिवाळ्यात आपल्याकडे ना मंडई, ना ढोलकी. पडदा माळ्यावर तसाच पडून राहिला आणि उंदरांनी खालचा कोपरा खाल्ला.

शताब्दीची बैठक बसली तेव्हा हाच पडदा पुढे आला. पोरं म्हणाली, मोठा फ्लेक्स लावू, दोन दिवसांत छापून येतो. एका दानशूर भल्या माणसाने शहरातून पेंटर आणून सगळा पडदा नव्याने रंगवून द्यायची तयारी दाखवली. त्याचा हेतू चांगला होता. नकाशा आला. त्यात पंढरपूर अगदी बरोबर होतं. नाव नावेसारखी, बैल बैलांसारखे. पायरीवर चोखोबा हात जोडून, मान खाली घालून बसलेले.

सगळ्यांना पसंत पडलं. आम्हांलाही पडलं, खोटं कशाला बोला. तेवढ्यात मागून एक मुलगी उठली. बावाजींची नात, आता कॉलेजात शिकते. तिने फक्त इतकं विचारलं, "महाराज, आमच्या आज्याचा चोखोबा उभा होता. ह्याच्यात काहून बसवला?"

बैठकीत कोणाला बोलता येईना. आम्हीही खाली बघत बसलो. आमच्या पाठीला जी नजर जाणवते ती त्या वेळी समोरून आली. मग ढिवर काकांचा मुलगा म्हणाला, "आमचा डोंगाही गेला की यातून." पटवाल्यांचा नातू म्हणाला, "आमचे बैलही गेले." एकेक घर उठून आपली जागा शोधू लागलं. तेव्हा कळलं की ज्याने हात लावला होता, त्याच्या घरच्यांना पडदा पाठ आहे. छापून आणलेल्या फ्लेक्सात असं कोणाला काय शोधता आलं असतं?

दानशूर माणसालाही पटलं. त्याने पैसे परत घेतले नाहीत, म्हणाला, नवा मांजरपाट आणि रंग घ्या. जुना पडदा तसाच ठेवायचा ठरलं. उंदरांनी खाल्लेल्या कोपऱ्याला नवं कापड जोडलं. खळ शिजवली आमच्या सुनांनी, सांगायला त्यांच्या सासवा बसल्या. डिंक याही वेळी धावड्याचाच. कोपऱ्यात काय काढायचं ते शाळेच्या पोरांवर सोडलं. त्यांनी रोवणी काढली. चिखलात वाकलेल्या बाया, डोक्यावर इरले, आणि वर बांधाच्या धुऱ्यावरून चाललेली दिंडी. आम्हांला आमची आजी आठवली. शंभर वर्षांत तिची वारी पहिल्यांदा पडद्यावर आली.

मायबापहो, कीर्तनकाराला शेवटी चार शब्द सांगायची खोड असते, ती सांभाळून घ्या. आपली दिंडी हीच एक मिळून केलेली कला आहे. पताका एकाची, वीणा एकाची, टाळ वीस जणांचे, तुळस एका मायेच्या डोक्यावर. एक जण चुकला तर पाऊल चुकतं. ती विकत आणता येत नाही. ज्याला तुम्ही काम दिलं नाही, तो कितीही जवळ उभा राहिला तरी बघ्याच राहतो. आपण एका चांगल्या हाताला मृदंग दिला नाही आणि पन्नास वर्षं दुसऱ्या गावचा मृदंगी शोधत फिरलो, हे पुढच्या शंभर वर्षांत विसरू नका.

शताब्दीच्या काल्याला पडदा लागणार आहे. गुंडाळी सोडायला दहा माणसं लागतील. दहा वाड्यांतून, टोलीवरून, एकेक माणूस या. कोणी पूजेला या, कोणी नुसता हात लावायला या. आमची चुकभूल पदरात घ्या.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.